रात्री ५०२, दुपारी पोर्ट संपले: प्रॉक्सीमागची कनेक्शनं सांभाळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरच्या रिक्वेस्ट घेऊन मागच्या ॲपकडे पोचवणारा मध्यस्थ; मागे बॅकएंड, म्हणजे नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालणारी चार ॲप्स. बॅकएंडकडची कनेक्शनं उघडी ठेवायला, म्हणजे कीपअलाइव्ह वापरायला लागल्यापासून दिवसाला दहा-वीस ५०२ येतात, म्हणजे 'मागच्या ॲपकडून धड उत्तर आलं नाही' अशी प्रॉक्सीची एरर. तेही बहुतेक रात्री, सर्व्हर रिकामा बसलेला असताना. कीपअलाइव्ह काढलं की ५०२ जातात, पण दुपारच्या गर्दीत लॉगमध्ये एरर ९९ दिसते, 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस'. तर पूल, म्हणजे पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, किती ठेवायचा आणि टाइमआउट, म्हणजे थांबायची मुदत, किती?

आकडे देतो, पण नुसते आकडे बदलून हे सुटणार नाही. तुमची दोन्ही दुखणी एकाच गोष्टीतून आली आहेत: कनेक्शन आधी कोण बंद करणार, हे तुमच्याकडे कोणी ठरवलेलंच नाही. कीपअलाइव्ह चालू असताना ते बॅकएंड ठरवतो, बंद असताना प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने ठरतं, आणि दोन्ही वेळा प्रॉक्सी तोंडघशी पडतो.

प्रॉक्सीतून जाणारी रिक्वेस्ट ही ब्राउझरपासून ॲपपर्यंतची एक सलग नळी नसते. ब्राउझर ते प्रॉक्सी हे एक कनेक्शन, प्रॉक्सी ते ॲप हे दुसरं. दोघांचं आयुष्य वेगळं, टाइमआउट वेगळे, आणि कनेक्शन नावाचा हेडरसुद्धा एका टप्प्यापुरताच असतो, तो पुढे ढकलायचा नसतो. ब्राउझरकडच्या टप्प्यात प्रॉक्सीची भूमिका सर्व्हरची, म्हणजे उत्तर देणाऱ्याची असते; ॲपकडच्या टप्प्यात तोच क्लायंट, म्हणजे मागणारा होतो. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण कॉन्फिगच्या एकाच फाइलमध्ये दोन्ही भूमिकांचे टाइमआउट जवळजवळ सारख्याच नावांनी नांदत असतात. 'आम्ही कीपअलाइव्ह-टाइमआउट ७५ ठेवलाय' असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या बाजूचा?

आता रात्रीचे ५०२. हेच दुखणं मी एकदा फार जवळून पाहिलं आहे. एका कामात काही यंत्रं आपली स्थिती पोस्ट रिक्वेस्टने (सर्व्हरकडे माहिती पाठवणारी रिक्वेस्ट) कळवायची. उत्तर मिळालं की पाच सेकंद थांबायचं आणि पुढची पोस्ट पाठवायची, असा त्यांचा क्रम. दिवसा सगळं सुरळीत. रात्री बाकीची यंत्रं बंद झाली, एकच उरलं, की ५०२ सुरू. आम्ही दोन दिवस मेमरी, गार्बेज कलेक्शन, बॅकअपची वेळ असलं काय काय तपासत बसलो. शेवटी प्रॉक्सीच्या मशीनवर पॅकेट पकडले, तेव्हा चित्र असं दिसलं:

०.०००० सेकंद: प्रॉक्सीकडून बॅकएंडला पोस्ट
०.०१२० सेकंद: बॅकएंडकडून उत्तर, २००
५.०१२२ सेकंद: त्याच कनेक्शनवर प्रॉक्सीकडून पुढची पोस्ट
५.०१२३ सेकंद: बॅकएंडकडून फिन, म्हणजे 'मी बंद करतोय'
५.०१२५ सेकंद: बॅकएंडकडून आरएसटी, म्हणजे 'हे कनेक्शन आता नाहीच'

शेवटच्या तीन ओळी बघा. नोडच्या सर्व्हरचा कीपअलाइव्ह-टाइमआउट आवृत्ती ८ पासून मुळात ५ सेकंद आहे. उत्तर देऊन पाच सेकंद झाले, कोणी काही बोललं नाही, म्हणून त्याने सॉकेट बंद केला. फिन अजून वाटेत होता. प्रॉक्सीच्या दृष्टीने कनेक्शन ठणठणीत होतं, कारण त्याच्याकडे रिकाम्या कनेक्शनची मुदत ६० सेकंद होती. त्याने त्यावर पोस्ट टाकली, आणि ती बंद दारावर जाऊन आपटली. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये हे 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन' म्हणून तरी दिसतं, नाहीतर एरर १०४, 'कनेक्शन रीसेट बाय पिअर' म्हणून.

यात चूक कोणाची? खरं तर कोणाचीच नाही. कोणत्याही बाजूने कनेक्शन कधीही बंद करावं, अशी मुभा एचटीटीपीनेच दिली आहे. २०२२ च्या आरएफसी ९११२ या इंटरनेट मानकात ती स्पष्ट लिहिलेली आहे. चूक मांडणीची आहे. ज्या बाजूला पुढची रिक्वेस्ट पाठवायची असते, तिनेच रिकामं कनेक्शन आधी सोडलं, तर ही शर्यत, म्हणजे एकाने बंद करायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने पाठवायचं, उद्भवतच नाही. आपण सोडलेल्या कनेक्शनवर आपण रिक्वेस्ट टाकणार नाही, इतकं साधं आहे ते. म्हणून प्रत्येक टप्प्यात क्लायंटच्या बाजूची रिकामी मुदत सर्व्हरच्या बाजूपेक्षा कमी हवी. तुमच्याकडे नोडचा टाइमआउट ६५ सेकंद करा आणि एन्जिनएक्सच्या अपस्ट्रीम ब्लॉकमधला (कॉन्फिगमधला मागच्या ॲप्सच्या यादीचा भाग) कीपअलाइव्ह-टाइमआउट मुळातला ६० आहे तसा राहू द्या. ॲपला हात लावता येत नसेल तर उलट बाजूने जा, अपस्ट्रीमचा ४ सेकंदांवर आणा. हा अपस्ट्रीममधला डायरेक्टिव्ह, म्हणजे सेटिंग, एन्जिनएक्स १.१५.३ पासून आहे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला.

मग दिवसा का होत नाही? एन्जिनएक्स रिकामी कनेक्शनं चळतीसारखी ठेवतो, सगळ्यात शेवटी वापरलेलं सगळ्यात आधी उचलतो. गर्दीत वरची चार-सहा कनेक्शनं सतत हातात असतात, पाच सेकंद गप्प बसायला त्यांना वेळच मिळत नाही. तळाची बिचारी मुदत संपून मरतात, पण त्यांना कोणी उचलायला जात नाही. रात्री मात्र प्रत्येक कनेक्शन मुदतीच्या काठावर येतं. त्यात ठरावीक वेळाने येणाऱ्या रिक्वेस्टचा ताल आणि टाइमआउट एकच असला, तर विचारायलाच नको.

अजून एक खूण तपासून बघा: तुमचे ५०२ जवळजवळ सगळे पोस्टवरच येत असतील. गेटवरही (फक्त माहिती मागणाऱ्या रिक्वेस्टवर) शर्यत होतेच, पण पाठवलेली गेट अशी फसली तर एन्जिनएक्स ती गुपचूप दुसऱ्या कनेक्शनवर पुन्हा पाठवतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पोस्ट मात्र तो १.९.१३ पासून आपणहून पुन्हा पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. उत्तर आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही; ॲपने पैसे वळते केले असतील आणि उत्तर देताना मान टाकली असेल. प्रॉक्सीला यातलं काही कळायला मार्ग नाही. म्हणून 'नॉन-आयडेम्पोटंट' हा पोस्टसुद्धा पुन्हा पाठवायला लावणारा पर्याय चालू करून ५०२ घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. तोच व्यवहार दोनदा झाल्याची तक्रार येण्यापेक्षा ५०२ परवडला. पोस्ट पुन्हा पाठवायचीच असेल तर ॲपमध्ये प्रत्येक व्यवहाराला एकमेव खूणक्रमांक ठेवा आणि पुन्हा पाठवणं क्लायंटकडे सोपवा.

हाच नियम तुमच्या पुढच्या टप्प्यालाही लावा. एन्जिनएक्ससमोर क्लाउडचा लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट वाटून देणारा) असेल, तर तिथे तो क्लायंट आणि एन्जिनएक्स सर्व्हर. एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची रिकामी मुदत मुळात ६० सेकंद आहे, एन्जिनएक्सची क्लायंटकडची ७५. म्हणजे क्रम आपोआप बरोबर. पण त्याच बॅलन्सरमागे थेट नोड (५ सेकंद), अपाची (५) किंवा पायथन ॲप्स चालवणारा गनिकॉर्न (२) ठेवला की गणित उलटं होतं आणि हेच ५०२ परत येतात. गनिकॉर्नचा साधा सिंक वर्कर तर कनेक्शन उघडं ठेवतच नाही, त्यामुळे तिथे पूलवर डोकं खपवू नका.

एक फरक लक्षात ठेवा. 'इतक्या रिक्वेस्टनंतर कनेक्शन बंद' ही मर्यादा निरुपद्रवी असते, कारण शेवटच्या उत्तरात सर्व्हर कनेक्शन-क्लोज असं सांगून जातो. रिकामेपणामुळे होणारं बंद न सांगता होतं. घात होतो तो या न सांगता जाण्याने.

आता दुपारचं दुखणं. कीपअलाइव्ह नसेल तर प्रत्येक रिक्वेस्टला नवीन टीसीपी कनेक्शन लागतं आणि त्याला प्रॉक्सीच्या बाजूला एक तात्पुरतं पोर्ट, म्हणजे कनेक्शन ओळखायचा क्रमांक. लिनक्समध्ये ही पोर्टं मुळात ३२७६८ ते ६०९९९ असतात, म्हणजे २८,२३२. जी बाजू आधी बंद करते तिच्याकडे ते कनेक्शन टाइम-वेट अवस्थेत, म्हणजे पोर्ट अडवून, ६० सेकंद पडून राहतं. हे ६० लिनक्सच्या कर्नलमध्येच कोरलेले आहेत. अपेक्षित मजकूर पूर्ण वाचून झाला की प्रॉक्सी बऱ्याचदा स्वतःच सॉकेट बंद करतो, त्यामुळे हा ढिगारा त्याच्याच दारात साचतो. भागाकार करा: २८,२३२ भागिले ६०, म्हणजे एका बॅकएंडच्या एका आयपी-पोर्टकडे सेकंदाला साधारण ४७० नवी कनेक्शनं. त्यापुढे एरर ९९. चार ॲप्स वेगवेगळ्या पोर्टवर असतील तर चौपट जागा मिळते, पण दुपारी तुम्ही तिथवर पोचताय हे उघड आहे.

इथे लोक सिस्टीमच्या सेटिंगकडे धावतात. पोर्टांची कक्षा वाढवणं ठीक, टीसीपी-टीडब्ल्यू-रीयूज (टाइम-वेटमधली पोर्टं पुन्हा वापरू देणारं) बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी ठीक. पण जुन्या लेखांतून टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल उचलू नका. नॅटमागच्या, म्हणजे एकाच आयपी पत्त्यामागे असलेल्या, क्लायंटांची कनेक्शनं त्याने गुपचूप गळायची, आणि लिनक्स ४.१२ मध्ये, २०१७ साली, ते काढूनच टाकलं. ॲप त्याच मशीनवर असेल तर युनिक्स सॉकेट (पोर्टाऐवजी फाइलच्या वाटेने जोडणारं) वापरा, पोर्टांचा प्रश्नच मिटतो. तरीही हे सगळे बाहेरचे उपचार झाले. खरा उपाय कनेक्शन पुन्हा वापरणं हाच, आणि पहिलं दुखणं वरच्या पद्धतीने गेलं की ते करायला काही अडचण उरत नाही. 'आता प्रॉक्सीच आधी बंद करणार, म्हणजे टाइम-वेट पुन्हा त्याच्याकडेच' अशी शंका येईल. येतं खरं, पण रिक्वेस्टमागे एक नाही, मिनिटभर रिकाम्या बसलेल्या कनेक्शनमागे एक. ती किंमत नगण्य आहे.

आता कीपअलाइव्ह खरंच चालू आहे का, ते बघू. जुन्या आवृत्त्यांत फक्त अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये कीपअलाइव्हची ओळ टाकून भागत नाही. एन्जिनएक्स बॅकएंडशी वर्षानुवर्षे मुळात एचटीटीपी १.० बोलायचा, आणि सोबत कनेक्शन-क्लोज पाठवायचा. प्रॉक्सीची एचटीटीपी आवृत्ती १.१ करा आणि कनेक्शन हेडर रिकामा पाठवा. लीस्ट-कॉनसारखी वाटपाची पद्धत वापरत असाल तर कीपअलाइव्हची ओळ तिच्या खाली हवी, वर नाही.

वेबसॉकेट, म्हणजे दोन्हीकडून बोलता येणारं कायम उघडं कनेक्शन, असेल तर इथे एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. वेबसॉकेटसाठी अपग्रेड हेडर बघून कनेक्शन हेडरमध्ये काय लिहायचं ते ठरवणारा मॅप सगळीकडे छापलेला असतो: अपग्रेड असेल तर 'अपग्रेड', नसेल तर 'क्लोज'. तो संपूर्ण साइटला लावला की प्रत्येक साध्या रिक्वेस्टवर क्लोज जातं. पूल कॉन्फिगमध्ये दिसतो, प्रत्यक्षात एकही कनेक्शन टिकत नाही. मॅपमध्ये 'क्लोज'च्या जागी रिकामी किंमत ठेवा.

पूलच्या आकड्याकडे येऊ. एका क्षणी किती कनेक्शनं कामात असतात? सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले एका रिक्वेस्टचा वेळ. सेकंदाला ४०० रिक्वेस्ट आणि प्रत्येकीला ५० मिलिसेकंद, म्हणजे सरासरी २०. लाटा येतात म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. पण एन्जिनएक्सचा कीपअलाइव्ह आकडा दर वर्करमागे, म्हणजे त्याच्या काम करणाऱ्या दर प्रोसेसमागे असतो. आठ वर्कर आणि कीपअलाइव्ह ३२ म्हणजे एका प्रॉक्सीकडून २५६ रिकामी कनेक्शनं, तीन प्रॉक्सी असतील तर ७६८. नोडला त्याचं काही वाटत नाही. पीएचपी ॲप्स चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमचं तसं नाही, तिथे उघडं राहिलेलं प्रत्येक कनेक्शन एक अख्खी प्रोसेस अडवून बसतं. आकडा ठरवण्याआधी मागे कोण बसलंय ते बघा. तुमच्यासाठी मी १६ पासून सुरुवात करेन.

शिवाय हा आकडा रिकाम्या कनेक्शनांचा आहे, एकूण कनेक्शनांवरचा लगाम नाही. बॅकएंड ५० मिलिसेकंदांवरून दोन सेकंदांवर घसरला, तर त्याच ४०० रिक्वेस्टना ८०० कनेक्शनं लागतात आणि प्रॉक्सी ती इमानेइतबारे उघडत जातो. आधीच धापा टाकणाऱ्या ॲपवर आणखी ओझं. लगाम हवा असेल तर सर्व्हरच्या ओळीत मॅक्स-कॉन्स द्या, पण अपस्ट्रीममध्ये झोन (सगळ्या वर्करची सामायिक मेमरी) असेल तरच तो सगळ्या वर्करमध्ये मिळून मोजला जातो, नाहीतर प्रत्येक वर्कर आपापलं मोजतो. या बाबतीत मला एचएप्रॉक्सी हा दुसरा प्रॉक्सी जास्त आवडतो: सर्व्हरमागे मॅक्सकॉन द्या, जास्तीच्या रिक्वेस्ट तो स्वतःकडे रांगेत उभ्या करतो. रांग प्रॉक्सीत असली की दिसते, मोजता येते, मुदत लावता येते. ॲपच्या पोटात असली की फक्त मेमरी चढताना दिसते. वर्कर-कनेक्शन्स हा आकडाही पाहून घ्या. मुळात तो ५१२ असतो, आणि त्यात दोन्ही बाजूंची कनेक्शनं धरली जातात, म्हणजे चालू रिक्वेस्ट जेमतेम त्याच्या निम्म्या.

प्रॉक्सी तुम्ही स्वतः लिहिला असेल तर हीच दुखणी लायब्ररीच्या डीफॉल्टमध्ये दडलेली असतात. गो भाषेच्या ट्रान्सपोर्टमध्ये (कनेक्शनं सांभाळणाऱ्या भागात) एका होस्टमागे रिकामी कनेक्शनं मुळात फक्त २ ठेवली जातात. पन्नास रिक्वेस्ट एकदम संपल्या की अठ्ठेचाळीस कनेक्शनं फेकली जातात, आणि टाइम-वेटचा डोंगर उभा राहतो. शिवाय उत्तराचा मजकूर शेवटपर्यंत वाचून बंद केला नाही तर ते कनेक्शन पूलमध्ये परत जातच नाही. नोडमध्ये आवृत्ती १९ च्या आधी एजंटचं (बाहेर जाणारी कनेक्शनं सांभाळणाऱ्या भागाचं) कीपअलाइव्ह मुळातच बंद असायचं. आणि ब्राउझर निघून गेला की मागची रिक्वेस्ट रद्द करायला विसरू नका. एन्जिनएक्स ते आपणहून करतो (लॉगमधला ४९९ तोच), तुमच्या कोडमध्ये ते तुम्हालाच करावं लागेल.

आता बाकीचे टाइमआउट. कनेक्ट-टाइमआउट मुळात ६० सेकंद आहे, जो आतल्या नेटवर्कमध्ये हास्यास्पद आहे. पण तो एक सेकंदही करू नका. कनेक्शन मागणारं पहिलं सिन पॅकेट हरवलं तर लिनक्स ते एका सेकंदाने पुन्हा पाठवतो; तुम्ही बरोबर त्याच क्षणी हात वर करता. दोन सेकंद ठेवा. रीड-टाइमआउट हा पूर्ण उत्तराचा नसून दोन वाचनांमधल्या शांततेचा असतो, त्यामुळे थेंबथेंब उत्तर देणारं ॲप त्याला कधीच सापडत नाही. या टाइमआउटचा क्रम मात्र रिकाम्या मुदतीच्या उलट असतो: आतल्या थराने आधी हार मानायला हवी. लोड बॅलन्सर ३० सेकंदांत ५०४, म्हणजे 'वेळ संपली', देतोय आणि ॲप डेटाबेसवर दोन मिनिटं थांबलंय, असं असेल तर माणूस पुन्हा बटण दाबतो आणि जुनं कामही चालूच राहतं. पुनःप्रयत्नांचंही तसंच: तीन थर, प्रत्येकात तीन प्रयत्न, म्हणजे तळाच्या डेटाबेसवर सत्तावीस.

मधे फायरवॉल किंवा नॅट असेल तर तो रिकामं कनेक्शन दोघांनाही न सांगता विसरतो, फिन नाही की आरएसटी नाही. टीसीपीचं स्वतःचं कीपअलाइव्ह (नाव सारखं, गोष्ट वेगळी) लिनक्समध्ये मुळात ७२०० सेकंदांनी जागं होतं, म्हणजे बैल गेल्यावर. प्रॉक्सी-सॉकेट-कीपअलाइव्ह चालू करा आणि ती वेळ मिनिटभरावर आणा.

नवी आवृत्ती चढवतानाचे ५०२ वेगळे मोजा, ते वरच्या उपायांनी जाणार नाहीत. ॲपला बंद व्हायचा सिग्नल मिळाला की त्याने लगेच दार लावू नये. आधी प्रॉक्सीच्या यादीतून नाव निघू द्यावं, तोवर प्रत्येक उत्तरात कनेक्शन-क्लोज पाठवावं, मग थांबावं. कुबरनेटीसमध्ये (ॲप्सच्या प्रती चालवणारी आणि बदलणारी यंत्रणा) यादीतून नाव काढणं आणि सिग्नल देणं एकाच वेळी सुरू होतं, म्हणून प्री-स्टॉप या बंद होण्याआधीच्या पायरीत पाच-दहा सेकंदांची झोप घालतात. दिसायला ओबडधोबड आहे, चालतं. उलट बाजूला, एन्जिनएक्स रीलोड केल्यावर, म्हणजे त्याला कॉन्फिग पुन्हा वाचायला लावल्यावर, जुने वर्कर त्यांची कनेक्शनं संपेपर्यंत जिवंत राहतात. वेबसॉकेट असतील तर तासन् तास. दिवसात दहा रीलोड होत असतील तर मेमरी तिथे जाते. वर्कर-शटडाउन-टाइमआउट लावून टाका.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी नोडचा टाइमआउट ६५ करा, मग कीपअलाइव्ह चालू करा, आणि तिसरं काहीही एक दिवस बदलू नका. ॲक्सेस लॉगमध्ये अपस्ट्रीम-कनेक्ट-टाइम जोडा. पुन्हा वापरलेल्या कनेक्शनवर तो ०.००० येतो; ॲप्स दुसऱ्या मशीनवर असतील तर नव्या कनेक्शनवर बऱ्याचदा त्याहून जास्त. दुपारी प्रॉक्सीवर 'एसएस' कमांडने टाइम-वेटमधली कनेक्शनं मोजा. हजारांवरून काही शेकड्यांवर आली तर पूल खरंच वापरात आहे. आली नाहीत तर आधी तो वेबसॉकेटचा मॅप उघडून बघा.